वादळानंतरचा शनिवार

प्रिय ताई,

मी मूळचा पुण्याचा, तीन वर्षांपासून डेन्व्हरमध्ये आहे. तिकडे असताना शनिवार-रविवार सह्याद्रीत जायचे, इथे आल्यावर बर्फाचं वेड लागलं. आमचा पाच जणांचा ग्रुप आहे. त्यातला एक जण दहा हिवाळे बॅककंट्रीत, म्हणजे रिसॉर्टबाहेरच्या मोकळ्या डोंगरांत, फिरलाय. त्याला आम्ही दादा म्हणतो आणि तो नेईल तिकडे जातो. या आठवड्यात मंगळवार ते गुरुवार सलग बर्फ पडला, आम्ही जातो त्या बर्थड पासच्या घाटात दोन फूट झालाय. शनिवारी लख्ख ऊन सांगितलंय, त्यामुळे ग्रुपवर सगळे नाचतायत. हिमस्खलनाचा धोका पाचपैकी तीन दाखवतायत. दादा म्हणाला, 'तीन म्हणजे साठ टक्के, फर्स्ट क्लास! चार असता तर घरी बसलो असतो.' सगळे हसले. मीही हसलो, पण रात्री झोप लागली नाही. बीकन (गाडलेला माणूस शोधायचं सिग्नलचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी), फावडं सगळं माझ्याकडे आहे, व्हिडिओ बघून एकदा चालवूनही पाहिलंय. जावं का? नसेल जायचं तर सांगू कसं? ग्रुपमध्ये सगळ्यांत नवा मीच आहे. आईला यातलं काही माहीत नाही.

— झोप उडालेला

झोप उडालेल्या मित्रा,

तुला अरे-तुरे करते, चालेल ना? माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे आणि तोही असाच आधी हसतो, मग रात्री जागतो.

उत्तर आधीच सांगून टाकते म्हणजे आज तरी झोपशील. शनिवारी जा. फक्त तुमच्या मनात जो उतार आहे तिथे जाऊ नका.

आता त्या फर्स्ट क्लासचं बघू. कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच इन्फर्मेशन सेंटरचे लोक रोज दुपारी साडेचारपर्यंत दुसऱ्या दिवसाचा अंदाज देतात. त्यातले एक ते पाच हे आकडे टक्केवारीसारखे वाचायचे नसतात. एकेक पायरी चढताना धोका एका मापाने वाढत नाही, उड्या मारत वाढतो. तीनचा साधा अर्थ असा की डोंगर आपणहून कोसळेल किंवा कोसळणारही नाही, पण माणूस उतारावर चढला तर कोसळण्याची शक्यता दाट आहे. आणि सगळ्यांत जास्त माणसं याच तीनच्या दिवशी जीव गमावतात. चारला तुझ्या दादासारखे शहाणे लोक घरी बसतात. तीनला तेच लोक 'चार असता तर घरी बसलो असतो' म्हणत गाडीत बसतात.

आणखी एक गोष्ट मनात धरून ठेव. हिमस्खलनात सापडलेल्या दहांपैकी नऊ जणांच्या बाबतीत ते स्खलन त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच ग्रुपमधल्या कुणीतरी सुरू केलेलं असतं. आपण 'डोंगर कोसळला' म्हणतो, पण हात आपणच लावलेला असतो.

हात लावल्यावर नेमकं होतं काय? तुझं लहानपण एखाद्या जुन्या वाड्यात गेलं असेल तर पटकन कळेल. भिंतीला आतून ओल धरली तरी गिलावा बाहेरून ठीक दिसतो. टिचकी मारली की पोकळ वाजतो. मग कुणीतरी कॅलेंडरसाठी एका जागी खिळा ठोकतं आणि तिथून हातभर लांबपर्यंतचा अख्खा पोपडा सुटून खाली येतो. इथला बर्फ अगदी असाच सुटतो. आपल्या डोक्यात हिमस्खलन म्हणजे वरून गडगडत येणारा भुगा असतो. माणसं मारतो तो मात्र पोपडा. वरचा घट्ट थर, खालचा कच्चा थर, आणि खिळा म्हणजे तुझी स्की.

तो कच्चा थर कोलोरॅडोची खासियत आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथे फूट-दीड फूट बर्फ पडतो आणि मग दोन-दोन आठवडे निरभ्र आकाश, कडाक्याची थंडी. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास, वरच्या पृष्ठभागावर उणे वीस. एवढ्याशा जाडीत एवढा फरक पडला की तळातली वाफ वर सरकत राहते आणि भुसभुशीत बर्फाचे मोठाले कोनदार दाणे बनतात. ओंजळीत घेतलेस तर साखरेसारखे बोटांतून सांडतात. कितीही दाब, लाडू म्हणून वळत नाही. वॉशिंग्टन-कॅलिफोर्नियाकडे, समुद्राच्या ओलाव्यामुळे बर्फ जाड पडतो आणि लवकर मुरतो. आपल्याकडे ही साखर कित्येकदा वसंतापर्यंत तळाशी तशीच बसलेली असते. या आठवड्याचे दोन फूट त्या साखरेवर येऊन बसलेत.

आणि दोन फूट हा मोजणीच्या जागेचा आकडा. वारा धारेच्या एका अंगाचा बर्फ खरवडून दुसऱ्या कुशीत नेऊन टाकतो आणि आकाशातून पडतो त्याच्या दहापट वेगानेही टाकू शकतो. इथे वारा बहुतेक पश्चिमेचा, त्यामुळे पूर्वेकडच्या कुशी भरतात. धारेमागे दोनाचे चार-पाच फूट झालेले असतील आणि वरून ते गुळगुळीत, गुबगुबीत, अगदी स्कीसाठीच अंथरल्यासारखे दिसतील.

कच्चा थर दाबला जातो तेव्हाचा आवाज मी ऐकलाय. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी आणि नवरा एका सपाट कुरणातून चाललो होतो. अंगावर ऊन, मी थर्मासचं झाकण उघडत होते. एकदम पायाखालून 'धुप्प' असा दबका आवाज आला, शेजारच्या खोलीत कुणी गादी आपटावी तसा. अख्खं कुरण बोटभर खाली बसलं आणि तीस-चाळीस पावलांवरच्या विलोच्या झुडपावरचा बर्फ आपोआप झडला. तिकडे आमच्यापैकी कुणी गेलंही नव्हतं. जागा सपाट होती म्हणून नुसतीच बसली. उतार असता तर निघाली असती आणि आम्ही तिच्यावरच उभे होतो. चहा तसाच राहिला, आलो त्याच पावलांवरून मागे फिरलो.

असा आवाज आला, स्कीच्या टोकापासून बर्फात सरसर भेग गेली, किंवा समोरच्या उतारावर ताजं स्खलन दिसलं, तर दिवसाचा निकाल लागला असं समज. यातलं काहीच दिसलं नाही, तर निकाल लागलेला नाही एवढंच समज. फावड्याने खड्डा खणून थर तपासणारे लोक असतात. ते शिकायला दोन-तीन हिवाळे लागतात आणि शिकल्यावरही वीस पावलांपलीकडे थर वेगळा असू शकतो. म्हणून माझं तुला सांगणं असं की तू बर्फाची परीक्षा घ्यायला जाऊच नकोस. तू उतार निवड. बर्फ रोज बदलतो, उताराचा कोन बदलत नाही, आणि तो घरी बसून मोजता येतो.

पोपडा सुटायला साधारण 30 अंशांचा उतार लागतो. 30 ते 45 या पट्ट्यात बहुतेक स्खलनं सुटतात, सर्वांत जास्त 38च्या आसपास. इथे आपली सह्याद्रीची नजर दगा देते, हे मुद्दाम सांगते. आपल्याला भीती वाटते ती कड्याची, दोन्ही बाजूंना दरी असलेल्या धारेची, रॉक पॅचची. 35 अंश म्हणजे तर नेहमीचा जिना. खरोखर, घरातला जिना 30 ते 35 अंशांचाच असतो. घोरवडेश्वरच्या पायऱ्या चढताना कुणाला मरणाची भीती वाटलीय? पण बर्फात धोका नेमका त्या जिन्याएवढ्या चढात असतो. ताशीव कड्यावर बर्फ ठरतच नाही.

तेव्हा आज रात्री नकाशा उघड. कालटोपोसारख्या नकाशांत उताराच्या कोनाप्रमाणे रंग चढवता येतात. तुमची वाट आख आणि दोन गोष्टी बघ. वाट स्वतः रंगीत पट्ट्यावरून जाते का, आणि वाटेच्या डोक्यावर कुठे रंगीत पट्टा आहे का. लोक पहिली बघतात, दुसरी विसरतात. नकाशा लहानसे उतार चुकवतो, म्हणून 30 ही मर्यादा असेल तर 25च्या आतली वाट आख.

दुसरी गोष्ट विसरली नाही तरीही काय होऊ शकतं ते सांगते. तुमच्या बर्थड पासपासून फार लांब नाही, लव्हलँड पासजवळ शीप क्रीक म्हणून जागा आहे. 20 एप्रिल 2013, नुकतीच वादळं होऊन गेलेली. सहा जण निघाले. सगळे जाणते, सगळ्यांकडे सामान. त्यांनी अंदाज वाचलेला होता, कोणता उतार वाईट आहे तेही त्यांना माहीत होतं. जायचं होतं पलीकडच्या सौम्य बाजूला, फक्त तिथे पोचायला त्या वाईट उताराच्या पायथ्याखालून थोडं अंतर ओलांडावं लागणार होतं. एकमेकांत पन्नासेक फूट अंतर ठेवून ओलांडू, असं ठरलं. उतार वरून सुटला आणि सहाही जण सापडले. पाच गेले. सहावा एक हात जेमतेम मोकळा अशा अवस्थेत सुमारे चार तास अडकून पडला आणि वाचला. कोलोरॅडोत 1962 नंतर एका स्खलनात इतकी माणसं गेली नव्हती. सगळ्यांकडे बीकन होते, पण सिग्नल शोधायला बाहेर कुणी उरलंच नव्हतं.

त्यांची चूक काढायला हे लिहीत नाही, ती माणसं तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त जाणती होती. लिहिलं ते पन्नास फुटांसाठी. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढला असशील तर आठव, आपण कसे चालतो. वरच्याच्या पायाखालून दगड सुटणार हे धरून चालतो. एक जण उघडा पट्टा ओलांडून कातळाच्या आडोशाला जातो, हाक देतो, मग दुसरा निघतो. बाकीचे आडोशालाच. इथेही रीत हीच आहे, फक्त आडोसा खूप लांब असतो, कारण दगड एका रेषेत येतो आणि पोपडा अख्खी बाजू घेऊन येतो. ओलांडणं टळत नसेल तर एका वेळी एकच माणूस, आणि बाकीचे पूर्ण बाहेर, नजर त्याच्यावर. हे जमण्यासारखी जागा नसेल तर ती वाटच नको. घळीत, ओढ्याच्या पात्रात तर मुळीच नको, कारण तिथे थोडासा बर्फही खोल साचतो. झाडीत जाणार असाल तर झाडांकडे बघ. पाइनच्या चढाकडच्या अंगाच्या फांद्या सोलल्यासारख्या गेल्या असतील, किंवा जुन्या जंगलाच्या मधोमध नुसत्या कोवळ्या झाडांचा सरळ पट्टा असेल, तर तो स्खलनाचा रस्ता आहे. दाट जंगलसुद्धा डोक्यावर असा रस्ता नसेल तरच आसरा.

बर्थड पासबद्दल एक खास सावधगिरी. तिथे पूर्वी स्की रिसॉर्ट होतं, या शतकाच्या सुरुवातीला बंद पडलं. झाडं तोडून केलेल्या पट्ट्या अजून दिसतात. हायवेला लागून पार्किंग, माणसांची वर्दळ, चार कुत्री. रिसॉर्टमध्येच आल्यासारखं वाटतं. रिसॉर्टमध्ये सकाळी दारं उघडण्याआधी स्की पेट्रोलचे, म्हणजे गस्तीचे, लोक सुरुंग लावून धोक्याचे उतार पाडून घेतात. इथे हायवेवर येणारे उतार महामार्ग खातं पाडतं. तुमच्या आवडत्या उतारासाठी पहाटे उठून कुणी सुरुंग लावलेला नाही.

सामानाबद्दल थोडक्यात सांगायचं ठरवलं होतं, पण 'व्हिडिओ बघून चालवून पाहिलंय' हे वाक्य मला सोडवेना. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक वाचतात. अर्ध्या तासानंतर तीनांत एखादा. हेलिकॉप्टर, पोलीस, कुत्री यांच्यापैकी कुणीही पंधरा मिनिटांत येत नाही, म्हणजे जे काही करायचं ते सोबतच्या चौघांनी. आम्ही पहिल्यांदा बागेत सराव केला तेव्हा मैत्रिणीने एका सॅकमध्ये बीकन घालून ती गुडघाभर बर्फात पुरली होती. उन्हात, सपाट जागी, मनावर ताण नसताना मला ती सापडायला अकरा मिनिटं लागली. त्यातली सात नुसतं खणण्यात गेली, कारण थांबलेलं स्खलन सिमेंटसारखं घट्ट होतं हे ठाऊक असूनही मी एकटीच वरून खाली खणत बसले होते. प्रोब जिथे लागला त्याच्या खालच्या अंगाने, उतारातून आडवं, आळीपाळीने खणायचं असतं, हे नंतर शिकले. तुम्ही पाचही जणांनी शुक्रवारी संध्याकाळी एखाद्या बागेत तासभर हे करा. बीकनमध्ये नवी बॅटरी. फोन बीकनपासून लांब, दुसऱ्या खिशात, शोधताना तर हातभर दूर, नाहीतर बीकन खुळ्यासारखा वागतो. जमलं तर फ्रेंड्स ऑफ बर्थड पास ही मंडळी हिवाळ्यात फुकट वर्ग घेतात, त्यांच्याकडे जाऊन ये. पुढच्या वर्षी हिमस्खलनाचा तीन दिवसांचा लेव्हल वनचा कोर्स कर.

आता दादा.

तुझ्या पत्रात अवघड प्रश्न हाच आहे. दहा हिवाळे फिरलेला माणूस चुकीचा असेल असं मी म्हणत नाही. पण दहा हिवाळ्यांत काही झालं नाही याचे दोन अर्थ निघतात. एक, तो दर वेळी बरोबर निवडत होता. दोन, काही वेळा चुकला आणि खिळा योग्य जागी बसला नाही म्हणून पोपडा सुटला नाही. डोंगर दोन्ही वेळा गप्पच असतो, त्यामुळे कोणता अर्थ खरा ते त्यालाही कळत नाही. इयन मॅकॅमन नावाच्या संशोधकाने अमेरिकेतल्या 715 अपघातांच्या नोंदी तपासल्या आणि माणसं धोका समोर दिसत असूनही का पुढे जातात त्याची कारणं काढली. तुझं पत्र वाचताना त्यातली बरीच एका पानावर सापडली. ओळखीची जागा, 'तो आहे ना', आधीच ठरलेला बेत, ताज्या बर्फावर पहिली रेघ आपलीच हवी ही घाई, आणि चारचौघांत मागे राहण्याची लाज. आपल्याकडचं बघ, ऑक्टोबर 2022 मध्ये उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी द्रौपदी का डांडा शिखरावर स्खलनात सापडली. त्यात प्रशिक्षक होते, त्याच वर्षी एव्हरेस्ट चढून आलेली तरुणी होती. बर्फ कुणाचं प्रमाणपत्र वाचत नाही.

त्यामुळे दादाशी भांडू नकोस आणि 'मला भीती वाटते' एवढंच म्हणून गप्पही बसू नकोस. त्याला एक प्रश्न विचार, गाडीत नाही, आज फोनवर: 'आपल्या वाटेच्या डोक्यावर काय आहे रे?' त्याने नकाशा उघडून दाखवलं, की तो खरा दादा. मग त्याच्याकडून शिकायला मिळेल तेवढं शीक. 'काही होत नाही रे' असं उत्तर आलं, तर तुला तुझं उत्तर मिळालं.

दोन्ही वेळा ग्रुपवर असं काहीसं टाक: 'मी येतोय. पण यावेळी 25च्या आतलीच वाट घेऊया, वर काही नसलेली. मी दोन वाटा आखून उद्या संध्याकाळचा अंदाज आला की टाकतो. शिवाय माझं म्हणणं, पाचांपैकी कुणीही नको म्हटलं तर कारण न विचारता मागे फिरायचं.' नुसता नकार पाठवला की वाद होतो. दोन वाटा पाठवल्यास की निवड होते. आणि मी पैजेवर सांगते, हे वाचून ग्रुपमधला आणखी एखादा हुश्श म्हणेल. त्या रात्री जागा असलेला तू एकटाच नसशील.

तरीही सगळे मोठ्या उतारावरच अडले, तर त्यांना जाऊ दे आणि तू तुझ्या वाटेने परत ये. यासाठी शनिवारी स्वतःची गाडी ने. दुसऱ्याच्या गाडीत बसून आलेला माणूस डोंगरावर नको म्हणू शकत नाही, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते. 'बाहेर बसून वाट बघते' म्हणताना दोन तास थंडीत काढावे लागतील या विचाराने मी एकदा नको त्या उतारावर गेलेय. काही झालं नाही. म्हणजे मी शहाणी ठरले असं नाही, वर दादाबद्दल जे लिहिलं तेच.

रविवारी जाऊ, तोपर्यंत बर्फ बसेल, असंही कुणीतरी सुचवेल. वरचा ताजा बर्फ दोन-तीन दिवसांत खरंच बसतो. तळाची साखर त्याला जुमानत नाही, तिला आठवडे लागतात. म्हणून रविवारचाही अंदाज शनिवारी संध्याकाळी वाच, आकड्यावर थांबू नकोस, खालचे परिच्छेद वाच. कोणत्या दिशेचे उतार, किती उंचीवर, कोणत्या थरामुळे, सगळं लिहिलेलं असतं.

राहिली आई. कुठे गाडी लावणार, कोणत्या वाटेने जाणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर 911 या आणीबाणीच्या नंबरला कळवायचं, हे एका माणसाला माहीत असलंच पाहिजे. तो माणूस डेन्व्हरमधला असू दे, रूममेट चालेल. इथे दुपारचे तीन वाजतात तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेतीन झालेले असतात, त्या वेळी आई काय करणार? पण रविवारी तिला फोन करून सगळं स्वतः सांग. तुझा स्कीवरचा फोटो कुणीतरी मामेबहीण फॅमिली ग्रुपवर टाकणारच आहे.

— ताई